दहा कोटी टनांचे लक्ष्य आणि भट्टीचे अस्तर

देशात २०३० पर्यंत दरवर्षी १० कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे लक्ष्य केंद्र सरकारने ठेवले आहे. त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ८,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मान्यता दिली. त्यातील ४,०५० कोटी सार्वजनिक उपक्रमांसाठी, ३,८५० कोटी खासगी कंपन्या व सार्वजनिक उपक्रम या दोहोंसाठी आणि उरलेले ६०० कोटी प्रात्यक्षिक व लहान प्रकल्पांसाठी राखून ठेवण्यात आले. प्रकल्पाच्या भांडवली खर्चाच्या १५ टक्के किंवा त्या वर्गासाठी ठरवलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती सरकार देणार. तेव्हापासून या विषयाची चर्चा टनांत आणि कोटींत चालते. ज्या पात्रात हा कोळसा घालायचा त्याच्या आतल्या अंगाला कोणती वीट लावायची, ती किती महिने टिकेल आणि ती निकामी झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञांच्या बैठकीबाहेर क्वचितच येतो.

वस्तुतः साऱ्या योजनेचे भवितव्य या प्रश्नावर अवलंबून आहे. वायूकरणाची रसायनविद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्यात गूढ असे काही उरलेले नाही. अडचण आहे ती त्या रसायनविद्येचा मारा वर्षानुवर्षे सोसणाऱ्या पदार्थांची. हे पदार्थ परदेशातून जसेच्या तसे आणता येतील असेही नाही, कारण भारतीय कोळशाची राख वेगळी आहे आणि अस्तराची झीज ही प्रामुख्याने राखेचीच करणी असते.

गोव्यात कोळशाची चर्चा मुरगाव बंदराच्या धक्क्यावर सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. राज्यात कोळशावर चालणारे एकही वीजकेंद्र नाही. तरीही घराघरांत पोहोचणाऱ्या विजेचा मोठा भाग कोरबा, विंध्याचल, रामागुंडम अशा दूरच्या औष्णिक केंद्रांतून येतो. मध्य प्रदेशातील सिंगरौली भागातला डोंगरी ताल-२ हा कोळसापट्टाही गोवा औद्योगिक विकास महामंडळाच्या वाट्याला आला होता. कोळसा अधिक स्वच्छपणे वापरता येईल की नाही, या प्रश्नाशी गोमंतकीयांचा संबंध असा धुळीपुरता मर्यादित नाही.

कोळसा मोकळ्या हवेत जाळला की उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. तोच बंद पात्रात, पुरेसा प्राणवायू न देता, वाफेच्या सोबतीने तापवला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण तयार होते. हा सिनगॅस. त्यापासून युरिया, मिथेनॉल किंवा अमोनियम नायट्रेट करता येते, पोलादासाठी लोहखनिजातील प्राणवायू काढता येतो आणि गॅस टर्बाइनमध्ये तो जाळून वीजही मिळवता येते. टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने वाफ करून दुसरे टर्बाइन फिरवायचे, अशा जोडव्यवस्थेला आयजीसीसी या आद्याक्षरांनी ओळखले जाते. गंधक व धूळ जाळण्यापूर्वीच वेगळी काढता येते आणि कार्बन डायऑक्साइड पकडणेही सोपे जाते, म्हणून गेल्या चाळीस वर्षांत या पद्धतीकडे मोठ्या आशेने पाहिले गेले. सध्याच्या भारतीय योजनेचा भर विजेपेक्षा खते आणि रसायने यांच्यावर आहे. पात्राचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच.

परदेशातील अनेक मोठ्या गॅसिफायरमध्ये राख वितळवून काढली जाते. आतले तापमान १,३०० ते १,५७५ अंश सेल्सिअस आणि दाब वातावरणाच्या कित्येक पट. कोळशातील माती-दगडाचा अंश वितळून काचेसारखा पातळ होतो, भिंतीवरून ओघळतो आणि तळाशी जमतो. त्याला स्लॅग म्हणतात. बाहेरचे पोलादी कवच या तापमानाच्या निम्म्यालाही टिकणार नाही. त्याला वाचवते ते आतले उच्चतापसह विटांचे अस्तर. कारखान्यात याच विटांना फायरब्रिक किंवा रिफ्रॅक्टरी म्हणतात.

आमोणे येथील कच्च्या लोखंडाच्या कारखान्यामुळे झोतभट्टी हा शब्द गोव्याला परका नाही. चांगल्या झोतभट्टीच्या तळाचे अस्तर पंधरा-वीस वर्षे काढते. राख वितळवणाऱ्या गॅसिफायरचे विटांचे अस्तर तीन महिन्यांपासून फार तर तीन वर्षांपर्यंत टिकते. सर्वाधिक मारा बसणाऱ्या जागी ते काही महिन्यांतच निकामी होऊ शकते. फरक एवढा प्रचंड का, याचे उत्तर विटेच्या छिद्रांत आहे. कोणतीही वीट पूर्ण घट्ट नसते. तिच्यातील सूक्ष्म पोकळ्यांत पातळ स्लॅग केशाकर्षणाने शिरत जातो. तो शिरलेला भाग आणि मागचा कोरडा भाग यांचे प्रसरण सारखे होत नाही. पात्र बंद झाले, थंड झाले, पुन्हा तापले की दोहोंच्या सीमेवर चीर पडते आणि विटेचा पापुद्रा सुटून येतो. उघडी पडलेली ताजी बाजू पुन्हा स्लॅग पिऊ लागते. शिवाय स्लॅग विटेचे घटक थोडेथोडे विरघळवत असतोच. साध्या विरघळण्याने वीट हळूहळू बारीक होते, पण पापुद्रे सुटू लागले की काही आठवड्यांत मोठी जाडी नाहीशी होते. आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. तापमान मोजणारी थर्मोकपल्सही याच माऱ्यात सापडतात आणि कित्येकदा काही आठवड्यांतच मुकी होतात. मग चालक अंदाजाने भट्टी चालवतो. स्लॅग गोठून तळाचे तोंड बंद होईल या भीतीने तापमान थोडे चढे ठेवतो आणि त्या चढ्या तापमानाने अस्तराचे आयुष्य आणखी घटते.

अस्तर बदलायचे तर पात्र आधी थंड व्हावे लागते, आणि त्यालाच काही दिवस जातात. मग माणसे आत उतरतात, जुन्या विटा फोडतात, नव्या बसवतात आणि पुन्हा हळूहळू तापवणे सुरू होते. संपूर्ण अस्तराला काही आठवडे लागतात. विटांचा व मजुरीचा खर्च दहा लाख डॉलरच्या घरात जाऊ शकतो, पण बंद पडलेल्या उत्पादनापुढे तो किरकोळ ठरतो. वीजकेंद्राला हे परवडत नाही. बँक आणि ग्रिड दोघांनाही वर्षाचे ८५ ते ९० टक्के दिवस चालणारे केंद्र हवे असते. म्हणून अनेक ठिकाणी एक गॅसिफायर राखीव ठेवावा लागतो, म्हणजे भांडवली खर्च आणखी वाढतो.

या झिजेला तोंड देईल अशी वीट शोधण्याचे काम १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर अमेरिकेत जोमाने सुरू झाले. ॲल्युमिना, मॅग्नेशिया, सिलिकॉन कार्बाइड असे अनेक पदार्थ तपासून झाले. राखेच्या स्लॅगपुढे त्यातल्या त्यात टिकले ते क्रोमियम ऑक्साइड. आज अशा पात्रांच्या तप्त बाजूला ६० ते ९५ टक्के क्रोमियम ऑक्साइड असलेल्या विटा लावतात. स्लॅगमधील लोह या विटेशी संयोग पावून पृष्ठभागावर एक घट्ट थर तयार करते आणि तो काही काळ ढालीचे काम करतो. पुढे ऑरेगन राज्यातील ऑल्बनी येथील सरकारी प्रयोगशाळेने या विटेत फॉस्फेट मिसळून पाहिले. त्याने स्लॅग आत शिरण्याचे प्रमाण घटले, पापुद्रे सुटणे कमी झाले आणि ती वीट एका उत्पादक कंपनीमार्फत बाजारात आली. दिसायला हा शोध अगदी साधा. त्यामागे मात्र प्रत्यक्ष गॅसिफायरमधून काढलेल्या वापरलेल्या विटा कापून, वर्षानुवर्षे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे काम होते. चालू प्रकल्पांनी आपल्या निकामी विटा प्रयोगशाळेला दिल्या, म्हणून ते शक्य झाले.

क्रोमियमची स्वतःची किंमत आहे. विटेतले क्रोमियम ज्या स्वरूपात असते ते तुलनेने निरुपद्रवी असते. पण चुना किंवा क्षार यांच्या सान्निध्यात आणि हवेतील प्राणवायूच्या संपर्कात ते तापले की षट्‌संयुजी क्रोमियम तयार होते. ते पाण्यात विरघळते आणि कर्करोगकारक आहे. गॅसिफायरच्या आत प्राणवायू कमी असल्याने धोका मर्यादित राहतो. खरा प्रश्न येतो तो काढून टाकलेल्या विटा कोठे जाणार आणि त्या फोडणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या छातीत काय जाणार, हा. भारतातील क्रोमाइटचा बहुतेक साठा ओडिशात, जाजपूर जिल्ह्यातील सुकिंदा खोऱ्यात आहे. सिंधुदुर्गात कणकवलीजवळही क्रोमाइट सापडते, पण सुकिंदाच्या तुलनेत ते नगण्य. खाणींतून पाण्यात उतरणाऱ्या षट्‌संयुजी क्रोमियममुळे सुकिंदाचे नाव २००७ साली ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने जगातील सर्वाधिक प्रदूषित दहा ठिकाणांच्या यादीत घातले होते. वायूकरणाचे आपले दोन मोठे प्रकल्प, अंगुल आणि तालचेर, याच राज्यात आहेत. स्वच्छ कोळशाच्या नावाने क्रोमियमची मागणी वाढणार असेल तर तिचा हिशेब सुकिंदाच्या विहिरींतही करावा लागेल. क्रोमियमरहित विटांवर जगभर संशोधन होते ते याच कारणाने. मात्र आयुष्याच्या बाबतीत तिला क्रोमियमच्या विटेची बरोबरी अद्याप साधलेली नाही.

दुसरा मार्ग विटेलाच बाजूला सारण्याचा. शेल कंपनीच्या पद्धतीत पात्राची आतली भिंत पाण्याच्या नळ्यांची असते. नळ्यांवर खिळे आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ लेप असतो. थंड भिंतीला लागताच स्लॅग गोठतो आणि स्लॅगपासूनचे संरक्षण स्लॅगच करू लागतो. चीनमध्येही पाण्याच्या भिंतीचे गॅसिफायर विकसित झाले. कल्पना सुरेख आहे. तिच्यात भिंतीतून उष्णता निघून जाते, पात्र महाग पडते आणि राख भरपूर असेल तर ती सारी वितळवण्याचा भुर्दंड कायम राहतो.

पात्राबाहेर पडलेला वायूही सौम्य नसतो. त्यातील हायड्रोजन सल्फाइड आणि क्लोरीनची संयुगे थंड करणाऱ्या नळ्या खातात. कार्बन मोनॉक्साइड विशिष्ट तापमानाला पोलादाचा अक्षरशः भुगा करतो. पुढे टर्बाइनच्या पात्यांवर झिर्कोनियाचा उष्णतारोधक लेप लागतो, आणि हायड्रोजनचे प्रमाण अधिक असलेल्या वायूने तयार होणारी जादा वाफ त्या लेपाची कसोटी पाहते.

या साखळीतील एक कडी तुटली की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने दिले. केम्पर येथील ५८२ मेगावॉटच्या प्रकल्पाचा खर्च तीन अब्ज डॉलरहून कमी अंदाजला होता. तो साडेसात अब्जांच्या आसपास गेला. जून २०१७ मध्ये सिनगॅस थंड करणाऱ्या यंत्रणेतील सुपरहीटरची फेररचना करावी लागेल आणि तिला दीड-दोन वर्षे लागतील असे निष्पन्न झाले. त्याच महिन्यात कोळशाचे वायूकरण थांबवले गेले, केंद्र नैसर्गिक वायूवर चालू राहिले आणि २०२१ मध्ये गॅसिफायरचा मनोरा स्फोटाने पाडण्यात आला. केम्परच्या अपयशाला स्वस्त झालेला नैसर्गिक वायू आणि फसलेले वेळापत्रकही कारणीभूत होते. सारे खापर धातूवर फोडता येणार नाही. नेदरलँड्समधील बुगेनम आणि स्पेनमधील पुएर्तोयानो ही केंद्रेही बंद झाली, तीही मुख्यतः अर्थकारणामुळे. इंडियानातील एडवर्ड्सपोर्टने २०१३ पासून वीज दिली, पण साडेतीन अब्ज डॉलर खर्चून. जपानने मात्र नाकोसो येथे २५० मेगावॉटचे प्रात्यक्षिक केंद्र २००७ पासून चालवून पाहिले, तेथील अनुभव जमवला आणि २०२१ मध्ये ५०० मेगावॉटवरील केंद्रे उभी केली. मधल्या चौदा वर्षांकडे दिरंगाई म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. तो चाचणीचा काळ होता.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते आणि त्या राखेत सिलिका व ॲल्युमिना इतके असतात की ती सहजासहजी वितळत नाही. शंभर किलो कोळशामागे चाळीस किलो दगड वितळवायचा आणि त्यासाठी वर चुनखडी मिसळायची, हे गणित जमत नाही. अनुभवही तेच सांगतो. फर्टिलायझर कॉर्पोरेशनने तालचेर आणि रामागुंडम येथे कोळशाच्या वायूकरणावर आधारलेले खत कारखाने उभारले होते. तंत्र आणि कोळसा यांचा मेळ बसला नाही, विजेचाही तुटवडा होता. रामागुंडम १९९९ मध्ये बंद पडले आणि तालचेरही बंद झाले. रामागुंडमचा कारखाना २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला तो नैसर्गिक वायूवर. ही आठवण सध्याच्या घोषणांत सहसा निघत नाही.

म्हणून भेल या सरकारी कंपनीने फ्लुइडाइज्ड बेडची वाट धरली. त्यात राख न वितळवता, सुमारे १,००० अंशांच्या आसपास, कोळशाचे कण वायूच्या झोतात उकळत ठेवले जातात. १९८० च्या दशकात तिरुचिरापल्ली येथे कंपनीने ६.२ मेगावॉटचे आयजीसीसी केंद्र उभारले. त्यानंतर विजयवाडा येथे १२५ मेगावॉटच्या केंद्राची घोषणा झाली, पण ते उभे राहिले नाही. २०२१ मध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेत दिवसाला १.२ टन कोळसा घेणाऱ्या पात्रातून ०.२५ टन मिथेनॉल काढण्यात यश आले. जादा राखेच्या भारतीय कोळशापासून ते निघाले, हे यश लहान मानण्याचे कारण नाही.

राख वितळत नाही म्हणून येथे क्रोमियमची महागडी वीट लागत नाही, हा मोठाच दिलासा. शत्रू मात्र बदलतो. क्वार्ट्‌झचे कठीण कण झोताबरोबर भिंतीवर आणि सायक्लोनच्या वळणांवर सतत घासत राहतात. विटेत लोहाचा अंश असेल तर त्याच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइडमधला कार्बन सुटून विटेच्या पोटात साठतो आणि वीट आतून फुटते. सिलिका अधिक असेल तर दाबाखालची तप्त वाफ ती वायुरूपात उचलून नेते आणि पुढच्या थंड नळ्यांत आणून सोडते. म्हणजे वीट कमी लोहाची, कमी सिलिकाची, घर्षणाला दाद न देणारी आणि तरीही स्वस्त हवी. असे पदार्थ बनवण्याची क्षमता देशात आहे. कोलकात्याची केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था आणि पोलादउद्योगाला विटा पुरवणारे कारखाने हे काम करू शकतात. पण पोलादउद्योग हेच त्यांचे मुख्य गिऱ्हाईक आहे. चार-सहा गॅसिफायरसाठी कोणताही कारखानदार आपणहून वेगळी वीट घडवत बसणार नाही. बाजार जे करणार नाही ते सरकारी निधीने करायचे असते.

सध्याचे प्रकल्प तीन वेगवेगळ्या वाटांनी चालले आहेत. अंगुल येथे जिंदाल समूहाने राख न वितळवणारी लुर्गी पद्धत वापरून पोलादासाठी सिनगॅस तयार केला. तालचेरच्या नव्या खत कारखान्यात मुंबईची आरसीएफ ही एक भागीदार आहे. तेथे परदेशी पद्धतीने राख वितळवली जाणार असल्याने कोळशात पेट्रोलियम कोक मिसळून राखेचे प्रमाण खाली आणावे लागणार आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, छत्तीस महिन्यांत उत्पादन सुरू होईल असे तेव्हा सांगण्यात आले, आणि ती मुदत केव्हाच उलटून गेली. ओडिशातीलच लखनपूर येथे कोल इंडिया आणि भेल मिळून रोज २,००० टन अमोनियम नायट्रेटचा कारखाना उभारणार आहेत. त्याचा अंदाजित खर्च सुमारे ११,७८२ कोटी, आणि तंत्र भेलचे स्वतःचे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथेही खासगी प्रकल्पाची तयारी आहे.

तंत्रज्ञान देणारी कंपनी अस्तराची हमी देते, मग सरकारने त्यात कशाला पडायचे, असा युक्तिवाद केला जातो. हमी असते ती करारात लिहिलेल्या कोळशासाठी. एकाच खाणीतल्या दोन थरांची राख सारखी नसते, हे खाणीत काम करणारा कोणीही सांगेल. कोळसा बदलला की हमीवर वाद सुरू होतो आणि पात्र थंड पडून राहते. लखनपूरला तर हमी देणारा आणि घेणारा दोन्ही सरकारीच आहेत. तेथे तोटा झाला तर तो एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत जाईल एवढेच.

८,५०० कोटींच्या योजनेतील तिसरा वर्ग प्रात्यक्षिकांसाठी आहे. त्यातून अस्तर, नळ्या आणि मोजयंत्रे यांच्या दीर्घ चाचण्यांसाठी स्वतंत्र वाटा काढणे अवघड नाही. प्रोत्साहनाची रक्कम घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने पात्र सलग किती तास चालले, अस्तर कितव्या महिन्यात बदलले, निकामी विटा कोणत्या प्रयोगशाळेला दिल्या आणि उरलेल्या कोठे टाकल्या, हे दरवर्षी जाहीर करावे, अशी अटही घालता येईल. जनतेचा पैसा घेणाऱ्याला हे व्यावसायिक गुपित म्हणून झाकता येऊ नये. हैदराबादच्या यशस्वी पात्रात दिवसाला १.२ टन कोळसा जातो. लखनपूरच्या पात्रांना तो हजारो टनांनी लागेल. या दोहोंच्या मधली, दीडशे-दोनशे टनांची आणि वर्षभर अखंड चालवून पाहण्याची पायरी तिरुचिरापल्लीत तीन दशकांपूर्वी बांधण्यास सुरुवात झाली होती. लखनपूरची पात्रे ओतण्यापूर्वी ती पायरी आधी पूर्ण करायची की थेट कारखान्यातच वीट तपासायची, याचा निर्णय आता कोल इंडिया आणि भेल यांच्या संचालक मंडळांना घ्यायचा आहे.